‘लक्ष कुठं होतं तुझं?’

(कामगार आणि शेतमजूर स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रात हात गेला की जखमी बाईला पहिला प्रश्न विचारला जातो तो हा – ‘लक्ष कुठं होतं तुझं?’ नवरा विचारतो, सासू विचारते, दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा विचारतो. मुकादम विचारत बसत नाही. तो सरळ लिहूनच आणतो, ‘माझ्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही,’ आणि खाली अंगठा घेतो. उजवा हात बँडेजमध्ये असतो, म्हणून डावा.

हा प्रश्न आपल्या चांगलाच ओळखीचा आहे. बलात्कार झालेल्या मुलीला विचारतात, एवढ्या उशिरा बाहेर कशाला गेलीस. मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला विचारतात, तूच काही बोलली असशील. असा प्रश्न म्हणजे खऱ्या अपराध्याला मागच्या दारानं सोडून देण्याची युक्ती आहे, हे आपण इतकी वर्षं सभांमधून, मोर्चांमधून सांगत आलो. पण शेजारणीची बोटं कडबाकुट्टीत गेली, की आपल्यातल्याही कितीजणी हळहळतात आणि म्हणतात, ‘पदर नीट खोचायला हवा होता गं तिनं.’

म्हणून आज यंत्र, अपघात आणि जबाबदारी याविषयी बोलू या. विजेच्या हत्यारांवरून मोठमोठे खटले अमेरिकेत झाले, म्हणून सुरुवात तिकडून करते. तिकडचा कायदा फार थोर आहे असं मला सुचवायचं नाही. पण ‘चूक कुणाची’ आणि ‘भरपाई कुणी द्यायची’ हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे तिथे हळूहळू कसं उलगडत गेलं ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात एका बाईपासूनच होते. कॅलिफोर्नियातल्या एका हॉटेलात काम करणारी वेट्रेस कोका-कोलाच्या बाटल्या खोक्यातून काढून फ्रिजमध्ये ठेवत होती. एक बाटली तिच्या हातातच फुटली. हात खोल कापला, शिरा तुटल्या. तिनं बाटली भरणाऱ्या कंपनीवर दावा लावला. आता कंपनीची नेमकी चूक काय, हे तिनं दाखवायचं. काचेला तडा होता की गॅस जास्त भरला होता, हे एका वेट्रेसला कसं कळणार? १९४४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल तिच्या बाजूनं दिला. नीट काळजी घेतली असती तर बाटली अशी फुटत नाही, असं धरून चालता येईल, असं म्हटलं. मात्र न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी याच निकालात आपलं वेगळं मत जोडलं. त्यांचं म्हणणं असं, की कंपनीचा निष्काळजीपणा शोधत बसायचं कारणच काय? धोका आधी ओळखून टाळणं कंपनीला जमतं, वापरणाऱ्याला जमत नाही. शिवाय नुकसान कंपनी सगळ्या मालाच्या किमतीवर थोडं थोडं वाटून टाकू शकते. जखमी माणूस मात्र त्याखाली आयुष्यभर दबून जातो.

हे त्या वेळी एकट्या न्यायमूर्तींचं मत होतं. ते कायदा झालं १९६३ साली, आणि ते एका विजेच्या हत्याराच्या खटल्यात. एका बाईनं १९५५ च्या नाताळात नवऱ्याला ‘शॉपस्मिथ’ नावाचं यंत्र भेट दिलं होतं. एकच यंत्र करवत म्हणून, गिरमिट म्हणून आणि लाकूड गोल कातायला लेथ म्हणून चालायचं. दोन वर्षांनी तो लेथवर लाकडाचा ठोकळा कातत असताना ठोकळा सुटून उडाला आणि त्याच्या कपाळावर आदळला. ठोकळा पकडून ठेवणारे स्क्रू पुरेसे नव्हते, असं तज्ज्ञांनी कोर्टात सांगितलं. कंपनीची, म्हणजे यूबा पॉवर प्रॉडक्ट्सची, हरकत काय, तर यानं मुदतीत नोटीस दिली नाही! (हरकती सगळ्या देशांत सारख्याच असतात.) वास्तविक करार दुकानदाराशी, खरेदी बायकोची, जखम नवऱ्याला. जुन्या कायद्यानं या धाग्यात गुंतून पडायला झालं असतं. न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की सदोष वस्तू बाजारात आणलीत आणि तिनं माणूस जखमी झाला तर जबाबदारी तुमची. यात करारही पाहायचा नाही आणि निष्काळजीपणाही सिद्ध करावा लागणार नाही. निकालपत्र ट्रेनर यांचंच होतं. ज्यूरीनं कंपनीविरुद्ध दिलेले ६५,००० डॉलर कायम झाले.

इथपर्यंत सोपं आहे. बाटली फुटली, स्क्रू कच्चे निघाले. पण वापरणाऱ्याची स्वतःची चूक असली तर? आपल्या बायकांच्या बाबतीत नेहमी हाच मुद्दा पुढे करतात. त्यासाठी एक अलीकडचा खटला सांगते.

टेबलाच्या खाचेतून वर आलेली गोल फिरती करवत तुम्ही सुताराकडे पाहिली असेल. तिच्यावर अमेरिकेत दरवर्षी तीस हजारांवर माणसं जखमी होऊन तातडीच्या उपचारांना येतात, आणि साधारण चार हजारांची बोटं तुटतात. १९९९ च्या सुमाराला तिथल्या एका पेटंट वकिलानं, स्टीव्ह गास यांनी, एक युक्ती शोधली. मूळचे ते भौतिकशास्त्राचे. लाकडातून वीज फारशी वाहत नाही, माणसाच्या कातडीतून वाहते. करवतीच्या पात्यात बारीकसा विद्युतसंकेत सोडायचा. बोट लागलं की तो बदलतो आणि अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा उसळून पात्यात घुसतो. पातं सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबतं. बोटाला ओरखडा येतो, बोट राहतं. मोठ्या कंपन्यांना त्यांनी ही युक्ती देऊ केली. कंपन्यांनी घेतली नाही. महाग पडेल, यंत्र जड होईल, असं म्हणाल्या. शेवटी त्यांनी ‘सॉस्टॉप’ नावानं स्वतःच करवती बनवायला सुरुवात केली.

२००५ साली मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी जमिनी बसवणाऱ्या एका कामगाराचा हात रायोबी कंपनीच्या अशा करवतीत गेला. करवत त्याच्या मालकानं १७९ डॉलरना घेतलेली. तिकडेही कामगाराला मालकाकडून ठरलेली भरपाई मिळते आणि मालकावर वेगळा दावा लावता येत नाही. म्हणून यानं यंत्र बनवणाऱ्यावर दावा लावला. वरची जाळी काढलेली होती, फळी सरळ सरकवायची आडपट्टीही त्यानं वापरली नव्हती. कंपनीनं हेच धरलं. २०१० साली बोस्टनच्या ज्यूरीनं काय ठरवलं? ३५ टक्के चूक त्याची. आणि तरीही त्याला १५ लाख डॉलर मिळाले. कारण बोट वाचवणारा ब्रेक उपलब्ध आहे हे कंपनीला ठाऊक होतं, आणि तिनं तो बसवला नव्हता. २०११ साली वरच्या कोर्टानंही हा निकाल कायम ठेवला.

त्या वेळी तिकडे पुष्कळ लोक चिडले. स्वतः जाळी काढायची, स्वतः हात घालायचा आणि पैसे कंपनीकडे मागायचे? माणसानं स्वतःची जबाबदारी काही घ्यायची की नाही? हा राग अगदीच पोकळ नाही, हे मी मान्य करते. करवतीची किंमत वाढली तर ती छोट्या सुताराच्या खिशातूनच जाते. गास यांचाही त्यात पैसा गुंतलेला होता. ते काही संत नव्हते आणि त्यांची पेटंटं होती. पण मला तो ३५ चा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्या कामगाराची चूक नाही असं कुणी म्हटलं नाही. चूक मोजली, लिहून ठेवली, आणि मग पुढचा प्रश्न विचारला – हा हात वाचवणं कुणाला सगळ्यात सोपं होतं?

आपल्याकडे हा पुढचा प्रश्न विचारलाच जात नाही. ‘चूक तिची’ म्हटलं की फाईल बंद.

आता आपल्या शेडमध्ये येऊ. पिंपरी-चिंचवड, चाकण, नाशिक, वाळूज, जिथे गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे पत्रा कापणारे आणि दाबणारे पॉवर प्रेस असतात. पत्रा डायवर ठेवायचा, पेडल मारायचं, वरून रॅम आदळतो, तयार नग काढायचा, पुढचा पत्रा ठेवायचा. हात आत असताना रॅम खाली आला की बोटं जातात. यावर उपाय जुने आणि साधे आहेत. पेडलऐवजी दोन बाजूंना दोन बटणं ठेवायची, म्हणजे दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय रॅम हलतच नाही. किंवा समोर असा सेन्सर लावायचा की हात मध्ये आला तर रॅम थांबेल. मग ही बटणं का नसतात, किंवा असून एक बटण चिकटपट्टीनं दाबून का ठेवलेलं असतं? कारण मजुरी नगावर आहे. दोन बटणांनी तासाला नग कमी निघतात. चिकटपट्टी बाई लावते कधीकधी, हे खरं आहे. पण नगाचा दर कुणी ठरवला? ओव्हरटाइमच्या शेवटच्या तासाला कुणाचं लक्ष राहतं? माणूस चुकणारच, दमल्यावर जास्त चुकणार, हे गृहीत धरून यंत्र बनवायचं असतं. न चुकणारी बाई अजून जन्मली नाही; आणि पुरुष तर नाहीच!

कायद्यानं याचा विचार केला नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २१ होतं, यंत्राचे धोकादायक भाग मजबूत आडोशानं बंद करायचे. पण त्याच्या पुढच्याच कलमाची गंमत पाहा. चालू यंत्राची तपासणी करायची तर ती फक्त खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानं, घट्ट बसणारे कपडे घालून. आणि ते कपडे मालकानं पुरवायचे. स्त्रियांना चालू यंत्राला तेलपाणी करायची मनाई. म्हणजे पुरुषाला कपडे मालकानं द्यायचे, आणि बाईला काय द्यायचं? तर बंदी! साडी यंत्रात अडकते हे कायदे करणाऱ्यांना नीट ठाऊक होतं. त्यातून त्यांनी बाईला लांब ठेवलं, सुरक्षित कपड्यांची सोय तिच्यासाठी केली नाही. प्रत्यक्षात शेडमधल्या बाईला लांब ठेवलं जात नाहीच. ती तेलही घालते आणि झाडूही मारते, यंत्र चालू असताना. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सुरक्षा व आरोग्याची नवी संहिता आली. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्याला १० कामगार लागत. नव्या संहितेत २० लागतात. त्याहून लहान शेड ‘कारखाना’ ठरतच नाही, आणि आपल्या कितीतरी बायका अशाच शेडमध्ये आहेत.

नुकसानभरपाईचा कायदा मात्र याहून जुना आणि एका बाबतीत चांगला. १९२३ चा. कामावर आणि कामामुळे अपघात झाला की मालकानं भरपाई द्यायची. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. आता हीच तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पैसे टाळायला मालकाला अपवाद तीनच – कामगारानं दारू किंवा नशा केली होती, सुरक्षेसाठी स्पष्ट दिलेला हुकूम जाणूनबुजून मोडला, किंवा सुरक्षेची साधनं जाणूनबुजून काढली वा टाळली. आणि त्यामुळेच अपघात झाला पाहिजे. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं तर हे तीन अपवादही चालत नाहीत. शब्द नीट ऐका – जाणूनबुजून. नुसता निष्काळजीपणा अपवादात बसत नाही. लक्ष नव्हतं, घाई होती, दमली होती, यापैकी कशानंही भरपाई बुडत नाही. म्हणजे मुकादम जो कागद लिहून आणतो, ‘माझ्या निष्काळजीपणामुळे’, तो खरा धरला तरी कायद्यानं भरपाई द्यावीच लागते! पण बाईला ते माहीत नसतं. मालकाला माहीत असतं. म्हणूनच तो त्या कागदात ‘तक्रार नाही’ हे वाक्यही घालतो. जिथे ई.एस.आय. लागू आहे तिथे पैसे मालकाकडून नव्हे, ई.एस.आय.कडून मागायचे, एवढा फरक.

किती मिळतं? १९२३ च्या कायद्याच्या जोडयादीत अवयवांचे टक्के लावलेले आहेत. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली. एका हाताची चार बोटं गेली तर ५० टक्के. ही यादी वाचताना अंगावर काटा येतो. पण यादी म्हणजे शेवटचा शब्द नाही. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा खटला आला होता. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला. यादीप्रमाणे ते पूर्ण अपंगत्व होत नव्हतं. न्यायालयानं म्हटलं, सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून हे संपूर्ण अपंगत्वच. तेव्हा आपल्या दाव्यात बाई नेमकं काय काम करायची ते तपशिलानं लिहायचं. ‘हेल्पर’ एवढाच शब्द लिहिला, तर हेल्परला एक हात पुरतो असं कुणीतरी म्हणेल. घरकामाचं काय, असं तुम्ही विचाराल. भरपाईच्या या कायद्यात कमाई म्हणजे मजुरी. भाकरी थापणं त्यात धरत नाहीत. पण जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीच्या खटल्यात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयानं मृत गृहिणींच्या घरकामाची किंमत महिना ३,००० रुपये धरली होती. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. पण शून्य नव्हती, एवढं दाखवायला तो निकाल उपयोगी पडतो.

आता सगळ्यात अवघड जागा. नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या शेतात, घरच्याच कडबाकुट्टीवर पेंढी सारताना हात गेला तर? इथे मालकच नाही. मजुरी नाही, हजेरी नाही, म्हणून भरपाईचा कायदा नाही. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. एक हात किंवा पाय गेला तर १ लाख, दोन गेले तर २ लाख. पण ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला आणि कुटुंबातल्या आणखी एका माणसाला. सातबाऱ्यावर आपलं नाव का हवं, यावर आपण निराळ्या सभा घेतो. हे त्याचं आणखी एक कारण.

मग राहतो तो यंत्र बनवणारा आणि विकणारा. वेट्रेस, नाताळची भेट, करवत यांची गोष्ट एवढा वेळ सांगितली ती यासाठी. जिच्या कामाला मालक नाही, त्या बाईला यंत्राच्या कर्त्यापर्यंत पोचता आलं नाही तर कायद्यात तिच्यासाठी दुसरं कुणी उरतच नाही.

आपल्याकडे हा विचार आधीही झाला आहे. हरितक्रांतीनंतर उत्तर भारतात गव्हाची मळणी यंत्रं आली आणि पेंढी आत सारताना मजुरांचे हात जाऊ लागले. त्यातून १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा झाला. मळणी यंत्र कसं बनवावं, विकावं, आणि मजूर जखमी झाला तर भरपाई, असं सगळं त्यात आहे. त्याआधीच, १९७९ साली, भारतीय मानकात पेंढी सारायच्या पत्र्याच्या पन्हळीची लांबी ठरली होती. पन्हळ ९० सेंटिमीटर लांब, आणि त्यातली आतल्या बाजूची ४५ सेंटिमीटर वरून झाकलेली. का? तर हात पुढे गेला तरी दातऱ्यांपर्यंत पोचू नये म्हणून. वीतभर पत्रा वाचवायचा म्हणून पन्हळ आखूड करतात, किंवा झाकणच लावत नाहीत. त्यानंतर पदराचं पाहायचं!

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूनं झालेल्या इजेची भरपाई मागण्याचा स्वतंत्र भाग आला. तो जुलै २०२० पासून लागू आहे. यंत्राची रचनाच सदोष असेल तर बनवणाऱ्यावर जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावता येतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी शेतकऱ्यानं घेतलेलं यंत्रही यात बसतं. बनवणारा कोण हेच कळत नसेल (आपल्याकडच्या निम्म्या यंत्रांवर पाटीच नसते) तर विकणाऱ्याला धरता येतं. पण फटी आहेत. यंत्र मालकानं कामाच्या जागेसाठी घेतलं असेल आणि कंपनीनं मालकाला सूचना दिल्या असतील, तर ‘सूचना अपुऱ्या होत्या’ म्हणून कंपनीला जबाबदार धरता येत नाही. सूचना मालकाला, हात बाईचा. यंत्रात फेरफार केला असेल तर विकणारा सुटतो. तरी रचनेतला दोष हा मुद्दा शिल्लक राहतो आणि आपण तोच धरायचा.

मघाशी एका मैत्रिणीनं विचारलं, की असे दावे लावले तर यंत्रं महाग होतील आणि मालक बायकांना कामालाच ठेवणार नाहीत. ही भीती खरी आहे. बाळंतपणाच्या रजेच्या वेळीही हेच ऐकलं होतं. पण आजही ते यंत्र फुकट नाहीच. त्याची उरलेली किंमत बोटांत चुकती होते आणि ती कुठल्याच बिलावर दिसत नाही.

आता करायचं काय ते. अपघात कळल्याबरोबर दोघीजणींनी दवाखान्यात जायचं आणि एकीनं यंत्राकडे. दुसऱ्या दिवशी जाऊ म्हटलं तर तोवर जाळी बसलेली असते, रंगसुद्धा मारलेला असतो. फोटो काढा, पेडल, बटणं, जाळी, पाटीवरचं नाव आणि नंबर. खरेदीची पावती जपून ठेवा. दवाखान्याच्या कागदावर अपघात ‘कामावर, यंत्रात’ झाला असं लिहिलंय ना ते वाचा. ‘घरी पडून’ लिहिलेले कागद पुष्कळ पाहिले आहेत. तयार लिहून आणलेल्या कुठल्याही कागदावर अंगठा द्यायचा नाही. मालकाला लेखी कळवायचं, पोच घ्यायची. ग्राहक आयोगाला मुदत दोन वर्षांची आहे, आणि बाई सावरेपर्यंत त्यातलं एक वर्ष निघून जातं.

मळणीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी आणखी एक काम प्रत्येक गटानं करावं. गावात जेवढी मळणी यंत्रं असतील, मालकीची किंवा भाड्याची, तिथे शिलाईची मापपट्टी घेऊन जायचं आणि पन्हळ मोजायची. ९० आणि ४५, हे दोन आकडे वहीत लिहून न्या.